सहातली पाच जहाजं निसटत होती, मग नाकेबंदीने बिघडलं काय?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861 ते 1865) उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतल्या फुटीर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली. तरी दर सहा फेऱ्यांपैकी साधारण पाच फेऱ्या सुखरूप पार पडल्या, असं इतिहासकार सांगतात. मग या नाकेबंदीने दक्षिणेचं अर्थकारण मोडलं हे म्हणणं अतिशयोक्तीचं नाही का? आणि त्याच नाकेबंदीमुळे मुंबईत पैशांचा पाऊस पडला, हे कितपत खरं?

माझी उभी हयात सागरी विम्याच्या धंद्यात गेली. त्यामुळे या युद्धाकडे बघताना मला लढाया कमी आणि जहाजभाडं जास्त दिसतं. उत्तरही त्याच अंगाने देतो.

सहात पाच हा आकडा खोटा नाही. पण आमच्याकडे कोणी असा प्रस्ताव आणला असता तर मी आधी कागद-पेन्सिल घेतली असती. दर फेरीला सहात एक जहाज जात असेल, तर नुसती नुकसानभरपाई भागवायलाच शेकडा सोळा-सतरा हप्ता घ्यावा लागेल. नफा, खर्च वेगळाच. शांततेच्या काळात अटलांटिक ओलांडणाऱ्या चांगल्या जहाजाला शेकडा एक-दोन पुरतात. त्यात जहाजाला माल घेऊन आत जायचं असतं आणि कापूस घेऊन बाहेर यायचं असतं. दोन्ही वेळा वाचण्याची शक्यता गुणून बघा, जाऊन-येऊन जवळजवळ तीनात एक जहाज गमावण्याचा धोका निघतो. शिवाय सहात एक ही सरासरी आहे. 1861 मध्ये दहातलं एखादंच सापडत असे, 1865 उजाडेपर्यंत दोनातलं एक. नाकेबंदी फोडायला निघालेल्या वाफेच्या जहाजांचं आयुष्य सरासरी चार-एक फेऱ्यांचं, म्हणजे जाऊन-येऊन दोन खेपांचं होतं. या अटींवर ज्याला धंदा परवडेल तो गहू, मीठ किंवा रूळ वाहणारा साधा व्यापारी असूच शकत नाही.

दुसरी गोष्ट, हा आकडा फक्त निघालेल्या जहाजांचा आहे. ज्यांनी निघायचंच टाळलं त्यांची यात नोंद नाही. युद्धाआधीच्या चार वर्षांत दक्षिणेच्या बंदरांतून सुमारे 20,000 फेऱ्या झाल्या होत्या. युद्धाच्या चार वर्षांत त्या 8,000 च्या आसपास आल्या, आणि नाकेबंदी फोडणाऱ्या जहाजांत माल बसायचाही कमी, कारण ती वेगासाठी बांधलेली. कापसाचं बघा. युद्धाआधीच्या तीन वर्षांत दक्षिणेने सुमारे एक कोटी गासड्या बाहेर पाठवल्या. युद्धाच्या शेवटच्या तीन वर्षांत नाकेबंदीतून निसटल्या त्या जेमतेम पाच लाख. म्हणजे विसावा हिस्सा. सहात पाच आणि विसात एक, हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. त्यातला दुसरा अर्थकारणाला लागू पडतो.

हे आजही बदललेलं नाही. 2023 च्या अखेरीस येमेनच्या यादवीतल्या हूथींनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा प्रत्यक्ष बुडालेली जहाजं बोटांवर मोजण्याइतकी होती. पण मोठमोठ्या कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. नुकसान बुडालेल्या जहाजांत नव्हतं, वळलेल्या जहाजांत होतं.

आता 1861 कडे. 19 एप्रिलला लिंकनने नाकेबंदी जाहीर केली तेव्हा ती हास्यास्पदच होती. किनारा सुमारे 5,600 किलोमीटरचा आणि सेवेत असलेली जहाजं चाळीसच्या थोडी वर, त्यातली कितीतरी परदेशी पाण्यात. मग फेरीबोटी, व्यापारी जहाजं, जे तरंगेल ते विकत घेऊन त्यावर तोफा चढवल्या. युद्ध संपता संपता आरमारात 670 च्या आसपास जहाजं होती. पण सबंध किनारा राखायची गरजही नव्हती. पुरेसं खोल पाणी आणि आतल्या मुलखाशी रेल्वेने जोडणी, अशी दोन्ही असलेली बंदरं दहाच्या आसपास. एकेक बंदर हाती आलं की तिथली जहाजं पुढच्या बंदरावर लावायला मोकळी. नोव्हेंबर 1861 मध्ये पोर्ट रॉयल घेतलं, तिथे कोळसा भरायची सोय झाली. एप्रिल 1862 मध्ये कापसाचं सगळ्यात मोठं बंदर न्यू ऑर्लीन्स पडलं. कायद्याची भानगड होती ती वेगळी. देश आपल्याच बंदरांची नाकेबंदी करत नाही, ती नुसती बंद करतो. नाकेबंदी म्हटली की समोरचा पक्ष युद्धमान, म्हणजे नुसता बंडखोर नव्हे तर रीतसर युद्ध करणारा पक्ष ठरतो, आणि ब्रिटनने 13 मे 1861 रोजी तटस्थता जाहीर करून दक्षिणेला तो दर्जा देऊनही टाकला. उत्तरेत त्यावर आगपाखड झाली, पण त्याच तटस्थतेमुळे ब्रिटनला नाकेबंदीही मानावी लागली.

यातला मला सगळ्यात चीड आणणारा भाग म्हणजे पहिलं वर्ष दक्षिणेने स्वतःच्या हाताने घालवलं. 1858 मध्ये साउथ कॅरोलायनाच्या जेम्स हॅमंड या सिनेटरने ‘कापूस राजा आहे’ असं सिनेटमध्ये ठणकावून सांगितलं होतं, आणि मळेवाल्यांनी ते वेदवाक्य मानलं. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त दक्षिणेतून जात होता. कापूस अडवला की इंग्लंडमधला गिरण्यांचा लँकेशायर परगणा उपाशी मरेल आणि ब्रिटिश आरमार नाकेबंदी मोडायला धावत येईल, असा हिशोब. सरकारने कायदा केला नाही, पण बंदरोबंदरीच्या समित्यांनी आणि लोकमताच्या दडपणाने 1861 चा कापूस जहाजात चढू दिला नाही. नाकेबंदी सगळ्यात सैल होती तेव्हा यांनी माल दाबून ठेवला! त्यातही मेख अशी की आधीच्या वर्षांतल्या भरघोस पिकांमुळे इंग्लंडची गोदामं तुडुंब होती. लँकेशायरच्या गिरणीमालकांना सुरुवातीला टंचाई सोयीचीच वाटली असणार, जुन्या मालाचा भाव चढला. खरी झळ 1862 च्या हिवाळ्यात मजुरांना बसली. त्या डिसेंबरात तिथे पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती. तोवर दक्षिणेला कापूस विकायची इच्छा झाली होती, पण विकायची वाट राहिली नव्हती.

1861 मध्ये तो कापूस लिव्हरपूलला नेऊन ठेवला असता तर त्याच्या तारणावर हवं तेवढं कर्ज उभं राहिलं असतं. त्याऐवजी मार्च 1863 मध्ये पॅरिसच्या एर्लांगर पेढीमार्फत 30 लाख पौंडांचे रोखे काढावे लागले. सात टक्के व्याज, विक्री दर्शनी किमतीच्या नव्वद टक्क्यांना. वर आमिष असं की रोखेधारकाने मागितलं तर पौंडभर वजनाला सहा पेन्स भावाने कापूस मिळेल. लिव्हरपूलला तेव्हा भाव त्याच्या तिपटीवर होता, म्हणजे कागदावर सौदा सोन्यासारखा. फक्त तो कापूस दक्षिणेत जाऊन ताब्यात घ्यायचा आणि नाकेबंदीतून बाहेर काढायचा, ही जोखीम रोखेधारकाची. जुलैत मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग उत्तरेच्या हाती पडलं, गेटिसबर्गच्या लढाईत दक्षिण हरली आणि रोखे घसरले. तारण कुठे ठेवलंय हे न बघता कर्ज देऊ नये, हे आपल्याकडे गावातला सावकारसुद्धा जाणतो.

आता एका खेपेचा ढोबळ हिशोब मांडतो, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. इंग्लंडहून माल साध्या व्यापारी जहाजाने बर्म्युडाला किंवा बहामातल्या नॅसॉला यायचा. दोन्ही ब्रिटिश बंदरं, म्हणून प्रवास निर्धास्त. तिथे तो दुसऱ्या जहाजात चढायचा. हे जहाज स्कॉटलंडच्या क्लाइड नदीकाठच्या गोद्यांत बांधलेलं असे: लांबट, बुटकं, राखाडी रंगाचं, दोन्ही बाजूंना वल्हेचाकं, गरज पडली तर धुराडं आत सरकवता येईल असं. कोळसा अँथ्रासाइट, कारण त्याचा धूर दिसत नाही. अमावास्येच्या आसपासच्या रात्री बघून तीन दिवसांत नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन गाठायचं. केप फिअर नदीला दोन मुखं, तोंडाशी फोर्ट फिशरच्या तोफा, त्यामुळे नाकेबंदीची जहाजं फार जवळ येऊ शकत नसत. एकदा तोफांच्या टप्प्यात शिरलं की सुटलात.

परतताना समजा 800 गासड्या भरल्या. गासडीत 450 पौंड वजन धरलं तर 3,60,000 पौंड कापूस. विल्मिंग्टनला तो सोन्याच्या भावात पौंडाला सहा ते दहा सेंटला मिळायचा आणि इंग्लंडमध्ये पन्नास-साठ सेंटला जायचा. पौंडामागे चाळीस सेंटचा फरक धरा: 1,44,000 डॉलर. ही फक्त परतीच्या बाजूची कमाई. एवढ्यात तसलं एक नवं जहाज येऊ शकत होतं. म्हणूनच कप्तानाला एका खेपेचे 5,000 डॉलर सोन्यात आणि साध्या खलाशालाही अडीचशे डॉलर मिळत. ‘बॅन्शी’ नावाचं जहाज 1863 अखेर पकडलं गेलं, पण तोपर्यंत त्याने मालकांना सातशे टक्के नफा मिळवून दिला होता. दोन खेपांत भांडवल सुटतं, तिसरीपासून सगळं वर. मग चौथ्या-पाचव्या खेपेला जहाज गेलं तरी कोण रडतो?

इथेच नाकेबंदीचा खरा परिणाम दडलेला आहे. कापसातला तो चाळीस सेंटचा फरक मळेवाल्याच्या खिशातून गेला. त्याला सहा सेंट मिळाले, गिरणीवाल्याने साठ मोजले, मधली रक्कम कप्तान, जहाजमालक आणि नॅसॉचे दलाल यांच्यात वाटली गेली. जणू उत्तरेने दक्षिणेच्या सगळ्या परदेशी व्यापारावर जबर जकात बसवली होती आणि तिची वसुली तिसऱ्याच कोणाला देऊन टाकली होती.

आणि आत येणाऱ्या मालाचं काय? जहाजात जागा थोडी, धोका तोच. मग मालक असाच माल भरणार ज्याला जागा कमी आणि किंमत जास्त. रेशीम, ब्रँडी, बारीक कापड, औषधं, बंदुका. दक्षिणेच्या आयुधखात्याचा प्रमुख जोसाया गॉर्गस हुशार माणूस. त्याने खात्याचीच जहाजं घेतली आणि बंदुका, शिसं, सोरा आणवला. दक्षिणेच्या सैन्याने वापरलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून जास्त नाकेबंदीतून आल्या. दारूगोळा नाही म्हणून त्यांनी एखादी मोठी लढाई हरली असं झालं नाही. नाकेबंदी ‘गळकी’ होती म्हणणारे इथेच बोट ठेवतात, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. खासगी जहाजांच्या ऐषारामी मालावर सरकारने बंदी घातली आणि निम्मी जागा सरकारी मालाला राखली ती फेब्रुवारी-मार्च 1864 मध्ये. युद्धाची तीन वर्षं होत आल्यावर!

पण ज्याला जागा खूप आणि किंमत कमी, असा माल आलाच नाही. त्यातल्या दोन वस्तू सांगतो.

पहिली मीठ. युद्धाआधी दक्षिणेत मिठाचा मोठा हिस्सा परदेशातून, विशेषतः लिव्हरपूलहून येत असे. का, तर कापूस न्यायला येणारी जहाजं अर्धी रिकामी यायची आणि पोटात वजन हवं म्हणून मीठ भरायची. त्यामुळे मिठाला भाडं जवळपास नव्हतंच. कापसाची जहाजं यायची थांबली आणि ते फुकटचं मीठही थांबलं. नाकेबंदी फोडणाऱ्या जहाजात मीठ कोण भरणार? आणि फ्रिज नसलेल्या काळात मिठाशिवाय डुकराचं मांस टिकत नाही, मांस टिकलं नाही तर सैन्य आणि मळे दोन्ही उपाशी. युद्धापूर्वी दोन डॉलरला मिळणारी मिठाची गोणी 1862 च्या शरदात काही ठिकाणी साठ डॉलरवर गेली. बायका मांस धुरी द्यायच्या खोलीतली माती खणून काढत, कारण वर्षानुवर्षं टांगलेल्या मांसातून खारट पाणी तिथे ठिबकलेलं असे. ती माती पाण्यात कालवायची, गाळायची, पाणी आटवायचं, तळाशी राहील ते मीठ. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी मोठमोठ्या कढयांत आटवायची केंद्रं निघाली, तर उत्तरेचे खलाशी किनाऱ्यावर उतरून त्या कढया फोडून जात. कढया फोडायला आरमार पाठवण्यावरून मिठाचं मोल कळावं. आत डोंगरात व्हर्जिनियातलं सॉल्टव्हिल हा मोठा आधार होता. तोही डिसेंबर 1864 मध्ये उद्ध्वस्त झाला.

दुसरी वस्तू लोखंडी रूळ आणि इंजिनं. इथे एक गोष्ट लोक विसरतात: युद्धापूर्वी दक्षिणेची मालवाहतूक मुख्यतः पाण्यावर चालायची. किनाऱ्याने गलबतं, आत नद्यांतून वाफेच्या बोटी. नाकेबंदीने परदेशी व्यापार रोखला, त्याच्याइतकाच हा किनारी व्यापारही बंद पाडला, आणि तो सगळा बोजा रेल्वेवर आला. रेल्वे कशी? देशातल्या सुमारे 30,000 मैलांपैकी दक्षिणेत 9,000 मैल, त्यातही वेगवेगळ्या मापाच्या, कित्येक शहरांत एका कंपनीची लाईन दुसऱ्या कंपनीला न जोडलेली. माल उतरवा, बैलगाडीत भरा, गावाच्या दुसऱ्या टोकाला न्या, परत चढवा. रूळ झिजले तर नवे नाहीत. दक्षिणेची राजधानी रिचमंडमधला ट्रेडिगर लोखंड कारखाना तोफा आणि चिलखती जहाजांचे पत्रे करण्यात गुंतलेला. 1863 मध्ये सरकारने समिती नेमली, कमी वापराच्या फाट्यांचे रूळ उखडून मुख्य लाईनवर घालायला. म्हणजे एका गावाची वाट मोडून दुसऱ्या गावाची चालू ठेवायची.

याचा परिणाम ताटात दिसला. जॉर्जियात मका होता, फ्लॉरिडात गुरं होती, मिसिसिपीपलीकडे टेक्सासात तर गुरांना तोटाच नव्हता. रिचमंडमध्ये मात्र 2 एप्रिल 1863 रोजी बायका पावासाठी रस्त्यावर आल्या, दुकानं फुटली. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस स्वतः गाडीवर उभा राहिला, खिशातली नाणी गर्दीत फेकली आणि पांगला नाहीत तर गोळीबार होईल म्हणून बजावलं. धान्य पिकलं नव्हतं असं नाही, ते पोहोचत नव्हतं. जुलैत व्हिक्सबर्ग पडल्यावर टेक्सासची वाटही तुटली. तिथला कापूस बैलगाड्यांनी रिओ ग्रांदे नदी ओलांडून मेक्सिकोतल्या मातामोरोसला जात राहिला. टेक्सासच्या व्यापाऱ्यांचं भलं झालं, व्हर्जिनियातल्या सैनिकाला त्याचा उपयोग शून्य.

महागाईबद्दल फार लांबण लावत नाही. फुटीर सरकारने मिळकतीचा मोठा आधार आयातजकातीवर ठेवला होता. आयातच नाही तर जकात कसली? कर बसवायला उशीर केला, म्हणून नोटा छापल्या. नोटा वाढत होत्या आणि माल घटत होता. युद्ध संपताना भाव युद्धपूर्व पातळीच्या नव्वद पटींवर गेले होते. यात नोटांचा दोष किती आणि नाकेबंदीचा किती हे तोळा-मासा वेगळं काढता येत नाही. माझ्या मते छापखाना जास्त दोषी, पण छापखान्याकडे वळायला लावणारी नाकेबंदीच.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: एकट्या नाकेबंदीने दक्षिण हरली नसती. पण तिने रेल्वेवर जो ताण टाकला, त्याच्यामुळे उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या सैन्याने उखडलेला प्रत्येक मैल दुप्पट महागात गेला. जानेवारी 1865 मध्ये फोर्ट फिशर पडला आणि विल्मिंग्टन बंद झालं. तीन महिन्यांत, 9 एप्रिलला, दक्षिणेचा सेनापती ली शरण आला.

उलट बाजूचा एक किस्सा सांगितल्याशिवाय विमेवाल्याला राहवत नाही. दक्षिणेकडे नाकेबंदी करायला आरमार नव्हतं, म्हणून तिने ‘अलाबामा’सारखी मोजकी लढाऊ जहाजं उत्तरेच्या व्यापारी जहाजांवर सोडली. जानेवारी 1864 मध्ये कप्तान राफेल सेम्सची ही ‘अलाबामा’ थेट आपल्या मलबार किनाऱ्याजवळ आली, ‘एमा जेन’ नावाचं अमेरिकन जहाज जाळलं आणि त्यावरची माणसं केरळातल्या अंजेंगोला उतरवून दिली. ते जहाज मुंबईहून निघालं होतं, रिकामं. ज्या मुंबईतून तेव्हा कापसाचे डोंगर इंग्लंडला चालले होते, तिथून एक जहाज पोटात नुसतं वजन घालून निघतं! त्या काळात अमेरिकन झेंड्याखाली माल द्यायला व्यापारी कचरत, कारण त्या झेंड्याला युद्धजोखमीचा हप्ता भारी पडे. मालकांनी मग आपली जहाजं धडाधड ब्रिटिश नोंदणीखाली नेली आणि युद्धानंतरही ती परत आली नाहीत. ‘अलाबामा’ ब्रिटनमध्येच बांधलेली, म्हणून 1872 मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला 1 कोटी 55 लाख डॉलर भरायला लावले, पण चढलेले हप्ते आणि झेंडा सोडून गेलेली जहाजं यांचं नुकसान ‘अप्रत्यक्ष’ म्हणून बाजूला ठेवलं. मोठं नुकसान नेमकं तेच होतं.

आता मुंबई. ‘नाकेबंदीमुळे तेजी’ हे वाक्य मी थोडं दुरुस्त करून घेईन. लिव्हरपूलचा भाव चढला त्यामागे तीन गोष्टी होत्या: दक्षिणेने आधी स्वतः अडवलेला माल, मग नाकेबंदी, आणि विकायची सोय नाही म्हणून मळेवाल्यांनी कापूस सोडून मका पेरला तो. 1861 मध्ये 45 लाख गासड्यांच्या आसपास असलेलं पीक 1863 मध्ये पाच लाखांच्याही खाली आलं. ब्रिटनने भारतातून 1860 मध्ये साडेपाच लाखांच्या वर गासड्या घेतल्या होत्या, 1862 मध्ये दहा लाखांच्या वर. माल दुप्पट-अडीचपट झाला, भाव मात्र तिप्पट-चौपट. म्हणजे मुंबईची कमाई बरीचशी भावाची होती, आणि भावाचा धनी अमेरिकेत बसलेला. पाच वर्षांत नेहमीपेक्षा आठ कोटी पौंड जास्त आले, असा अंदाज तेव्हापासून सांगितला जातो.

आपला कापूस लँकेशायरला मनापासून कधी आवडला नाही. धागा आखूड, त्यात सरकी, माती, पाणी मारून वाढवलेलं वजन. ‘देवा, कापूस दे, पण सुरती नको’ अशी तिथल्या गिरणी कामगारांची प्रार्थना प्रसिद्ध आहे. भाव चढल्यावर भेसळ इतकी वाढली की 1863 मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. दुसरी अडचण वाहतुकीची, आणि ती दक्षिणेसारखीच होती. वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस उत्तम, पण रेल्वे नागपूरला पोहोचली 1867 मध्ये. तेजी संपून दोन वर्षं झाल्यावर! तोवर बैलगाड्यांचे तांडे आणि लमाणांचे बैल. बोरघाटाची लाईन 1863 मध्ये आणि थळघाटाची 1865 मध्ये सुरू झाली, म्हणून निदान देशावरचा माल थोडा लवकर उतरला.

मुंबईत आलेला पैसा गिरण्यांत फारसा गेला नाही, कागदात गेला. 1865 च्या सुरुवातीला शहरात 31 बँका, 20 विमा कंपन्या, शिवाय जमिनी भरून काढणाऱ्या कंपन्या होत्या. त्यातल्या बहुतेकांकडे पाटी सोडून काही नव्हतं. (वीस विमा कंपन्या! आमच्या धंद्याला लाज वाटावी असा आकडा.) बॅकबे रेक्लमेशनचा 5,000 रुपये भरणा झालेला शेअर 50,000 च्या आसपास गेला. कापूस आणि शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बँक ऑफ बॉम्बेचं कर्ज, अशी स्थिती होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि राजाबाई टॉवरला दोन-दोन लाख त्यांनी 1864 मध्ये दिले ते बरं झालं, वर्षभर थांबले असते तर टॉवर झाला नसता. ली शरण गेल्याची बातमी आली आणि कापूस पडला. 1 जुलै 1865 ला वायद्याचे सौदे पुरे करायचे होते, तेव्हा पुरे करायला कोणी उरलं नव्हतं. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 ला गेलेला शेअर 87 वर आला आणि ती बँक 1868 मध्ये गुंडाळावी लागली. नॅसॉचंही हेच झालं. चार वर्षं तिथल्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, मग गोदामं ओस.

शेतकऱ्याच्या हाती यातलं काय आलं? खानदेश-वऱ्हाडात दोन-तीन वर्षं बरी गेली, कर्जं फिटली, दागिने झाले, लग्नं थाटात झाली. पुणे-नगरकडे कापूस फारसा नव्हताच. पण घाटातल्या रेल्वेच्या कामांची मजुरी आणि चढलेले धान्याचे भाव तिथेही पोहोचले, आणि कुळाची ऐपत वाढली समजून सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं. सरकारनेही तोच समज करून घेतला. 1867 पासून इंदापूर, भीमथडी भागात शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली ती भाव चढलेले असताना. मग भाव उतरले, सारा तसाच राहिला आणि सावकाराने हात आखडले. मे 1875 मध्ये सुपे इथे गावकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले. दंगे आसपासच्या गावांत आणि नगर जिल्ह्यात पसरले, चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. या सगळ्याचं खापर एकट्या नाकेबंदीवर फोडू नका, साऱ्याची आकारणी आणि कोर्टाचे कायदे जास्त जबाबदार होते. पण आयोगाने कर्जबाजारीपणाची कारणं शोधताना अमेरिकेतल्या युद्धाच्या तेजीपर्यंत माग काढला होता, तो उगाच नाही.